डोळ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर प्रेशर वाढलं, आता पुढे काय?

एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील साठीच्या पुढचे, कोथरूडला राहतात, शुगर बरीच वर्षं आहे. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती म्हणून आधी अव्हॅस्टिनची (हे स्टिरॉइड नसलेलं, सूज आणि नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) इंजेक्शनं झाली, फारसा फरक पडला नाही म्हणून रेटिनावाल्या डॉक्टरांनी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचं इम्प्लांट, म्हणजे डोळ्यात हळूहळू विरघळणारी बारीक कांडी टाकली, ओझुर्डेक्स. टाकायच्या आधी प्रेशर १६ होतं, सात आठवड्यांनी ३१ आलं. नजर मात्र सुधारलीय, बाबा परत पेपर वाचायला लागलेत. डॉक्टरांनी दोन ड्रॉप्स लिहून दिले आणि दोन आठवड्यांनी बोलावलंय. मुलीला विचारायचंय की डोळा जाणार का, इंजेक्शन देण्यात काही चूक झाली का, ड्रॉप्स किती दिवस घालायचे, आणि डाव्या डोळ्यालाही सूज आहे तर त्यातही हेच द्यायचं का.

मी पुण्यात बरीच वर्षं काचबिंदूचे पेशंट बघते आणि त्यातले पुष्कळजण रेटिनावाल्यांकडून याच कारणासाठी पाठवलेले असतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, डोळ्याची नस (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी, प्रेशरने जी खराब होते तो काचबिंदू) आधी चांगली असेल तर काही आठवडे ३१ प्रेशर राहिल्याने डोळा जात नाही. आणि नाही, चूकही झालेली नाही. हे औषध दिलं की काही लोकांचं प्रेशर वाढणार हे देणाऱ्याला आधीच माहीत असतं, कधी वाढणार हेही बऱ्यापैकी माहीत असतं. मधुमेहाच्या सुजेवर हे इम्प्लांट वापरून मीड नावाचा मोठा अभ्यास झाला, तीन वर्षं चाललेला, त्याचे निकाल २०१४ साली आले, त्यात ०.७ मिलिग्रॅमचं इम्प्लांट मिळालेल्या साधारण ४१ टक्के लोकांना कधी ना कधी प्रेशरचे ड्रॉप्स लागले पण प्रेशरसाठी ऑपरेशन करावं लागलं ते १ टक्क्याहूनही कमी लोकांना. म्हणजे तुमच्या बाबांचं जे झालंय ते दहातल्या चौघांचं होतं आणि बहुतेकांचं ड्रॉप्सवरच निभावतं. तुमच्या डॉक्टरांनी सातव्या आठवड्यात बोलावून प्रेशर मोजलं, वाढलेलं पकडलं, ड्रॉप्स सुरू केले, हे सगळं जसं व्हायला पाहिजे तसंच झालंय.

आता प्रेशर वाढतं कसं. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं आणि बुबुळाच्या कडेला, जिथे काळा भाग आणि पांढरा भाग मिळतात तिथल्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून ते बाहेर जातं. तयार होणं आणि बाहेर जाणं यांचा मेळ असला की प्रेशर साधारण १० ते २१ मध्ये राहतं. स्टिरॉइडमुळे पाणी जास्त तयार होत नाही, गडबड होते ती जाळीत. जाळीतल्या पेशी स्वतःची साफसफाई कमी करतात, त्यांच्याभोवती चिकट प्रथिनं साचतात, पेशी कडक होतात, आणि मोरीच्या जाळीत कचरा अडकल्यावर जसं पाणी तुंबतं तसं होतं. हे एका दिवसात होत नाही, काही आठवडे लागतात, म्हणून इंजेक्शननंतर पाचव्या दिवशी प्रेशर छान आलं म्हणजे सुटलो असं समजू नका. (आणि हो, या प्रेशरचा बीपीशी संबंध जोडू नका, बीपी १२०-८० आहे तरी डोळ्याचं प्रेशर कसं वाढलं असं दर दुसरा माणूस विचारतो, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.)

सगळ्यांचं वाढत नाही. १९६०च्या दशकात आर्माली आणि बेकर यांनी निरोगी लोकांना काही आठवडे स्टिरॉइडचे ड्रॉप्स घालून पाहिलं, तेव्हा शंभरात पाच-सहा जणांचं प्रेशर खूप चढलं, साधारण एक तृतीयांश लोकांचं मध्यम, आणि बाकीच्यांना विशेष काही झालं नाही. डोळ्याच्या आत औषध टाकल्यावर हे प्रमाण अर्थातच वाढतं. ज्यांना आधीच काचबिंदू आहे, ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना आहे, ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, ज्यांना शुगर आहे किंवा संधिवात आहे, आणि लहान मुलं, यांच्यात जास्त दिसतं. म्हणून इंजेक्शनच्या आधी डॉक्टर विचारतात की घरात कुणाला काचबिंदू आहे का, तेव्हा आठवून, गरज पडली तर गावाकडे काकांना फोन करून विचारून सांगा, कारण पुष्कळ घरांत आजोबांना "म्हातारपणी दिसेनासं झालं" एवढंच माहीत असतं.

आता वेळापत्रक, आणि मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय. ओझुर्डेक्सचं प्रेशर साधारण दोन महिन्यांच्या आसपास सगळ्यात वर जातं आणि मग उतरायला लागतं. शिरा बंद झाल्याने आलेल्या सुजेवरच्या जिनिव्हा अभ्यासात ६०व्या दिवशी १६ टक्के लोकांचं प्रेशर २५ किंवा वर होतं आणि १८०व्या दिवसापर्यंत इम्प्लांट मिळालेल्या आणि न मिळालेल्या लोकांत फरक राहिलाच नाही. ट्रायमसिनोलोन हे दुसरं स्टिरॉइड, म्हणजे ते पांढरं दुधासारखं औषध, त्याचं जरा आधी सुरू होतं, पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच, आणि तीन-चार महिने टिकतं, कधी जास्तही. त्याचं प्रेशर चढतंही जास्त. फ्लुओसिनोलोन या आणखी एका स्टिरॉइडचं जे इम्प्लांट तीन वर्षं चालतं त्यात प्रेशर कित्येक महिन्यांनीही चढू शकतं, त्यामुळे तिथे तपासणी तीन वर्षं सोडायची नसते.

अडचण काय होते की नेमकं ज्या दिवसांत प्रेशर वर चढत असतं त्याच दिवसांत सूज उतरून नजर सुधारत असते. पेशंट खूश असतो, घरचे खूश असतात, दुखत काही नाही, लाल काही नाही, मग तपासणीची तारीख आली की "बरं दिसतंय की, कशाला उगाच जायचं" असं होतं. ३० काय, ३५ प्रेशरलाही बहुतेकांना काहीही जाणवत नाही, कारण ते हळूहळू चढलेलं असतं. फार वर गेलं तर दिव्याभोवती रंगीत वलयं, डोळा जड वाटणं, धूसर दिसणं असं होतं पण त्याची वाट बघत बसायचं नसतं. डोळ्यावर जो घाव बसतो तो नसेवर आणि तो कडेच्या नजरेपासून सुरू होतो, समोरची अक्षरं शेवटपर्यंत नीट दिसतात, म्हणून पेपर वाचता येतोय हा काही पुरावा नाही.

आपल्याकडे यात सणवार आणि प्रवास येतात. एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये इंजेक्शन झालं की दोन महिने भरतात ते बरोबर आषाढीच्या सुमाराला, आणि आमचे भोर, सासवड, दौंडकडचे कित्येक आजोबा तेव्हा पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेवर असतात. वारी चुकवा असं मी कधीच म्हणत नाही, पण निघायच्या आधी एकदा प्रेशर बघून जा आणि ड्रॉप्सची बाटली पिशवीत तळाशी नको, हाताशी ठेवा. तसंच मुलाकडे अमेरिकेला किंवा बंगलोरला सहा महिने जाणाऱ्यांचं. इंजेक्शन घेऊन दुसऱ्या आठवड्यात विमानात बसणार असाल तर ते डॉक्टरांना इंजेक्शनच्या आधी सांगा, कदाचित ते औषध बदलतील, कदाचित तारीख. माझ्या मते ज्याला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तपासणीला येणं खरंच शक्य नाही त्याला स्टिरॉइड देण्याआधी दहादा विचार करावा, मग ते औषध सुजेवर कितीही छान असो.

साधारण मी असं सांगते की एक-दोन आठवड्यांनी एकदा, मग महिना-दीड महिन्याने, मग दोन ते अडीच महिन्यांच्या मध्ये कधीतरी, मग चार महिन्यांनी. नस आधीच खराब असेल तर याहून लवकर लवकर. ही तारीख डॉक्टरांच्या फाईलवर तर असतेच, पण तुमच्या फोनमध्ये पण टाका आणि बाबांच्या नाही, तुमच्या स्वतःच्या.

प्रेशर मोजतात कशाने हेही विचारून घ्या. हवेचा फटका मारणारं मशीन चाळणीसाठी ठीक आहे पण आकडा जास्त आला की भूल देणारा थेंब घालून निळ्या प्रकाशात टेकवून मोजतात त्या गोल्डमन नावाच्या उपकरणाने खात्री करून घ्यावी. बुबुळाचा समोरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) जाड असेल तर आकडा खोटा जास्त येतो, पातळ असेल तर खोटा कमी, म्हणून एकदा त्याची जाडी मोजलेली असावी. शिवाय प्रेशर दिवसभरात वरखाली होतं, एका वेळी २२ आणि दुसऱ्या वेळी १९ आलं म्हणून आनंद किंवा दुःख करू नका.

किती प्रेशरला काय करायचं, याला एकच आकडा नाही, नस कशी आहे त्यावर ठरतं. नस अगदी निरोगी आणि प्रेशर २३-२४ असेल तर मी बऱ्याचदा औषध न देता दोन-तीन आठवड्यांनी परत बघते. २५ च्या पुढे राहायला लागलं की ड्रॉप्स. ३० च्या वर तर ड्रॉप्स लगेच आणि तपासणी लवकर. ४० च्या वर गेलं तर त्याच दिवशी गोळी, गरज पडली तर सलाईनमधून मॅनिटॉल. पण ज्याची नस आधीच काचबिंदूने खाल्लेली आहे त्याला २४ सुद्धा जास्त आहे. म्हणून इंजेक्शनच्या आधीचा नसेचा ओसीटी (नसेची जाडी दाखवणारा स्कॅन) आणि शक्य असेल तर फिल्ड टेस्ट (कडेची नजर तपासणारी) फाईलला असणं फार उपयोगी पडतं, नाहीतर नंतर नस थोडी खराब दिसली की ती आधीपासून तशी होती की आत्ता झाली हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या बाबांचं आधीचं झालं नसेल तर आता करून घ्या.

ड्रॉप्समध्ये टिमोलॉल जुनं आणि स्वस्त, चांगलं काम करतं, पण दमा असेल किंवा हृदयाचे ठोके कमी असतील तर चालत नाही. इन्सुलिनवर असलेल्यांनी एक लक्षात ठेवा, शुगर उतरल्यावर जी धडधड होते ती टिमोलॉलमुळे दबू शकते आणि शुगर उतरल्याचं कळत नाही. ब्रिमोनिडीनने काहींना झोप येते, तोंड कोरडं पडतं, आणि काही महिन्यांनी डोळा लाल होऊन खाज येऊ शकते, लहान बाळांना तर देतच नाहीत. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिंझोलामाइड घातल्यावर थोडं झोंबतं किंवा तोंडात कडवट चव येते, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. लॅटॅनोप्रोस्टसारखी रात्री एकदा घालायची औषधं प्रेशरला उत्तम पण पडद्याला सूज असताना किंवा डोळ्यात आतून दाह असताना आम्ही ती जरा मागे ठेवतो, अगदी वर्ज्य नाहीत, पण पहिली निवड नसतात. बहुतेकांना टिमोलॉल आणि डॉर्झोलामाइड किंवा टिमोलॉल आणि ब्रिमोनिडीन एकाच बाटलीत मिळतं, तुमच्या बाबांना जे दिलंय ते बहुधा यातलंच असेल.

घालायची पद्धत नीट पाहिजे. एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचं म्हणजे औषध नाकातून घशात आणि रक्तात कमी जातं. दोन वेगळ्या बाटल्या असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा आणि महिन्याने टाकून द्या. आणि ड्रॉप्स ज्या डोळ्यात सांगितलेत त्याच डोळ्यात! एका डोळ्याला इंजेक्शन आणि दोन्ही डोळ्यांत ड्रॉप्स चालू, हे मी सतत बघते.

डायमॉक्सची गोळी म्हणजे ॲसिटाझोलामाइड, ती प्रेशर पटकन उतरवते. हातापायांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा बेचव लागतो, हे अपेक्षित आहे. पण मधुमेहाच्या पेशंटमध्ये मला तिची काळजी वाटते, कारण ज्या शुगरने पडदा खराब केला तिनेच बऱ्याचदा किडनीलाही त्रास दिलेला असतो. म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघितल्याशिवाय ही गोळी जास्त दिवस घेऊ नका, मुतखडा झालेला असेल तर सांगा, आणि पूर्वीची गोळी उरलीय म्हणून स्वतःच्या मनाने तर अजिबात नको.

आता एक गोष्ट जी पेशंटला कुणी सांगत नाही. मधुमेहाच्या डोळ्यात इंजेक्शननंतर प्रेशर वाढलं म्हणजे ते स्टिरॉइडनेच असं धरून चालायचं नाही. शुगर खूप बिघडलेली असेल तर बुबुळाच्या मागच्या रंगीत पडद्यावर आणि त्या जाळीवर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि त्या पाण्याची वाट बंद करतात. तो काचबिंदू वेगळा, त्याचं औषध वेगळं, तिथे नुसते ड्रॉप्स घालून दिवस काढणं धोक्याचं आहे, त्याला पडद्यावर लेझर आणि अव्हॅस्टिनसारखं इंजेक्शन लवकर लागतं. म्हणून प्रेशर वाढल्यावर एकदा तरी बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी तो रंगीत पडदा आणि तो कोपरा आरशाच्या लेन्सने बघितला पाहिजे, याला गोनिओस्कोपी म्हणतात. पुढच्या भेटीत सरळ विचारा की गोनिओस्कोपी झाली का.

इंजेक्शन दिल्यादिल्या मिनिटभर प्रेशर वाढतं ते वेगळं प्रकरण. डोळ्यात ०.०५ किंवा ०.१ मिली औषध ढकललं की जागा तेवढीच असल्याने प्रेशर एकदम चढतं, अर्ध्या-एक तासात आपोआप उतरतं. त्यासाठीच डॉक्टर लगेच बोटं मोजायला सांगतात. त्या वेळी अंधार झाला आणि प्रकाशही दिसेना तर ताबडतोब बुबुळाच्या कडेने थोडं पाणी काढतात. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात डोळा दुखायला लागला, लाल झाला आणि नजर कमी झाली तर तो प्रेशरचा विषय नाही, जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच हॉस्पिटलला जा.

ड्रॉप्सने भागलं नाही तर? एसएलटी, म्हणजे त्या जाळीवर करायचं लेझर, काहींना उपयोगी पडतं, दहा मिनिटांचं काम आहे. ट्रायमसिनोलोन डोळ्यात अजून पडलेलं असेल आणि प्रेशर आटोक्यात येत नसेल तर व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलीसारखा भाग काढायचं ऑपरेशन) करून ते काढून टाकता येतं, पापणीच्या आत डोळ्याबाहेर दिलेलं असेल तर तो साठा तिथून काढता येतो. त्याच्याही पुढे ट्रॅबेक्युलेक्टॉमी (पाण्याला नवी वाट करून द्यायचं ऑपरेशन) किंवा छोटी नळी बसवणं, आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबची नळी बऱ्याच ठिकाणी वापरतात. पण इथपर्यंत फार थोडे लोक पोचतात.

ड्रॉप्स किती दिवस, तर औषधाचा असर संपेपर्यंत आणि वर थोडं. ओझुर्डेक्स असेल तर चार-पाच महिन्यांनी डॉक्टर एकेक ड्रॉप बंद करून बघतील, प्रत्येक वेळी बंद केल्यावर दोन-चार आठवड्यांनी प्रेशर मोजून. बहुतेकांचे सगळे बंद होतात. दोन चुका टाळा, एक म्हणजे प्रेशर १७ आलं म्हणून स्वतःहून बंद करणं, ते १७ ड्रॉप्समुळेच आलेलं असतं, आणि दुसरी म्हणजे कुणी बंद करा म्हटलं नाही म्हणून मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं घालत राहणं. फार थोड्या लोकांचं प्रेशर औषध संपल्यावरही खाली येत नाही, त्यांना मग काचबिंदूचे पेशंट म्हणूनच सांभाळावं लागतं.

बाबांच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या की स्टिरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढतं. गुडघ्यातलं इंजेक्शन, दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, पापणीजवळ लावायचं मलम, गोळ्या, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे सांगा, औषध बंदच करायला पाहिजे असं नाही पण डोळा तपासत राहायला लागतो. आणि तुम्ही त्यांची मुलगी आहात, तुमचाही डोळा तसाच वागू शकतो. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो लहान मुलांचा, उन्हाळ्यात डोळ्यांना खाज येते म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे ड्रॉप्स आणतात, बरं वाटतं म्हणून दरवर्षी तीच बाटली, आणि बारा-चौदा वर्षांचं पोर नस जवळपास संपलेली घेऊन येतं. इंजेक्शनवर निदान डॉक्टरची नजर असते, या बाटलीवर कुणाचीच नसते. कृपा करून असं करू नका.

राहिला डावा डोळा. एका डोळ्यात वाढलं तर दुसऱ्यातही वाढण्याची शक्यता दाट आहे, म्हणून उजव्याचं प्रेशर ड्रॉप्सवर २० च्या आत येऊन स्थिर होईपर्यंत डाव्यात स्टिरॉइड देऊ नये असं माझं मत, तोवर अव्हॅस्टिन, रॅनिबिझुमॅब किंवा दुसरं त्या गटातलं औषध चालू ठेवता येतं का ते रेटिनावाल्यांना विचारा. पण कायमची फुली मारायची गरज नाही. उजवा डोळा एका ड्रॉपवर नीट राहिला, डाव्याची नस चांगली असली आणि दुसऱ्या औषधाने सूज उतरतच नसली तर डाव्यातही देता येतं, सुरुवातीपासून ड्रॉप्सची तयारी ठेवून. उजव्यात परत द्यायची वेळ आली तरी दर वेळी प्रेशर आणखी आणखी चढत जातं असं अभ्यासात दिसलेलं नाही, बहुतेक पहिल्यासारखंच चढतं आणि पहिल्यासारखंच उतरतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून झालं नसेल तर स्टिरॉइडने तो लवकर पिकेल हेही धरून चला. दोन आठवड्यांनी जाल तेव्हा चालू असलेले सगळे ड्रॉप्स, बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर न्या, आणि त्या दिवशी सकाळचा ड्रॉप चुकवू नका, नाहीतर मोजलेल्या प्रेशरवरून औषध लागू पडलं की नाही ते ठरवता येणार नाही.